प्रोसेसरची खंडेनवमी

सफाई करावी तर ती सूर्याजीनं! हे मी म्हणत नाही, सगळं माधवगंज म्हणतं. म्हणजे म्हणत होतं, गेल्या दसऱ्यापर्यंत.

आमचे पूर्वज दक्षिणेतून ग्वाल्हेरला आले ते तलवार घेऊन. त्या तलवारीनं त्यांनी काय गाजवलं ते त्यांचं त्यांना माहीत, पण ती पुसायचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत माझ्यापर्यंत आलं आहे. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा. त्याआधी मी बाह्या सारून, विटकरीची भुकटी आणि खोबरेल घेऊन बसलो, की तलवारीत बघून दाढी करावी अशी तिला चमकवतो. आता घरात लढणारं कोणी उरलं नाही, म्हणून तलवारीशेजारी पाटावर खलबत्ता असतो, शिवणाचं मशीन असतं, अंगणात माझी स्कूटर असते. सगळं माझ्या हातचं साफ केलेलं. आमची ही, म्हणजे शालिनी, म्हणते की वर्षातून एक दिवस तरी यांचा उपयोग होतो.

गेल्या दसऱ्याला पूजेत आणखी एक हत्यार आलं, कॉम्प्युटर. तो माझा नव्हे, वनमालावहिनींचा. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता या देवळाच्या पायऱ्या झिजवणार. पण ज्या वयात बायका गुडघ्यांच्या तक्रारी सुरू करतात, त्या वयात यांनी कॉम्प्युटर शिकून घेतला आणि आमच्या पुढच्या खोलीत मराठी टाइपिंगचं काम मांडलं. मला म्हणाल्या, ‘भावजी, खोली तुमची, पण काम माझं. एकदा नाव झालं की मला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही.’ आणि नाव व्हायची वेळ आलीही होती. त्यांना पहिलं मोठं काम मिळालं होतं.

ते काम काय, ते सांगायला हवं. लष्कर भागात आम्हा मराठी लोकांची दोन मंडळं. एक गोरखीकडचं स्नेहमंडळ, म्हणजे ज्यांचे पूर्वज दरबारात लेखणी चालवायचे नाहीतर पूजा सांगायचे. दुसरं आमचं शिलेदार मंडळ, म्हणजे घोड्यावरचे. दोघांचे गणपती वेगळे, हळदीकुंकू वेगळं, आणि एकमेकांबद्दलची मतं मात्र तंतोतंत सारखी. पण पोरं घरात हिंदी बोलायला लागली, दोन्हीकडच्या सतरंज्या रिकाम्या पडायला लागल्या, तेव्हा थोरामोठ्यांनी ठरवलं की कोजागिरीला दोन्ही मंडळं एक करून टाकायची. तिकडे मध्य प्रदेशातून छत्तीसगढ वेगळं निघत होतं, आणि इकडे आम्ही जुळत होतो! त्या शुभप्रसंगी एक स्मरणिका निघायची होती. पहिली अर्धी पानं गोरखीवाल्यांच्या पूर्वजांची, मागची अर्धी आमच्या. काम वहिनींना मिळालं. नीट झालं तर पुढे दोन्हीकडची सगळी छपाई त्यांच्याकडे येणार, आणि बिघडलं तर दोन्हीकडे तोंड काळं.

खंडेनवमीपर्यंत वहिनींनी गोरखीची सगळी पानं करून ठेवली होती. त्या दिवशी सकाळी त्या फुलं आणायला बाहेर पडल्या आणि माझी नजर कॉम्प्युटरवर गेली. वरून पुसलेला होता, पण वरून पुसणं ही काय सफाई झाली? तलवार आम्ही म्यानावरून पुसतो का? मी स्क्रू काढून डबा उघडला. आत ही धूळ! ब्रशनं झटकली, मऊ फडक्यानं पुसली. मधोमध एक छोटा पंखा होता आणि त्याच्याखाली ॲल्युमिनियमचा दातेरी ठोकळा. दोन्ही बाजूंच्या आकड्यांनी घट्ट बसवलेला. तो काढला तर खाली प्रोसेसर. आणि त्या दोघांच्या मध्ये, तुम्हाला सांगतो, पांढरं चिकट किटण! वाळल्या चुन्यासारखं. मला दुकानदाराचा असा राग आला. नवीन माल म्हणून विकतात आणि असली घाण!

मी ते नखानं खरवडलं, फडक्यानं घासलं, ठोकळ्याचा तळ तर इतका चमकवला की त्यात मला माझी मिशी दिसली. मग ठोकळा पुन्हा ठेवून आकडा दाबला. टक. एक बाजू बसली. दुसरी जरा अडत होती, पण बसल्यासारखी वाटली. लावून पाहिलं तर पंखा फिरत होता. वहिनी आल्या तोवर डबा बंद करून त्यावर हळदकुंकू नि झेंडूचं फूल वाहिलेलं. मी आतूनही साफ केलाय म्हटल्यावर त्यांनी हातच जोडले. मशीनला की मला, हे मी विचारलं नाही.

दसरा झाला, सोनं वाटून झालं, आणि वहिनी आमच्या मंडळाची पानं घेऊन बसल्या. थोडा वेळ झाला आणि पडदा जिथल्या तिथे गोठला. बंद करून पुन्हा लावला, परत तेच. जरा वेळ मशीन ठेवून दिलं की सुरू व्हायचं, वहिनींनी चार ओळी टाइप केल्या की जीव सोडायचं. जे लिहिलं ते गेलं. मग त्या प्रत्येक ओळीला सेव्ह करायला लागल्या, तरी दिवसभरात एखादा परिच्छेद पदरात पडायचा. त्यांनी मला विचारलं की सफाईत काही हललं-बिललं तर नाही ना. मी म्हटलं, बिलकुल नाही! दोष ग्वाल्हेरच्या लाइटचा. मी शेजाऱ्यांचा स्टॅबिलायझर उचलून आणला. मग तापत असेल म्हणून डब्यासमोर टेबलफॅन लावला. शालिनीनं लिंबू-मिरची टांगली. कशानंच काही होईना, तेव्हा मी वहिनींना सांगितलं की तुम्ही फार जोरात टाइप करता, मशीनला दम लागतो. त्या बिचाऱ्या तेव्हापासून एकेक बोट जपून टेकवायला लागल्या.

इकडे कोजागिरी जवळ येत चालली. आमच्या मंडळाचे अध्यक्ष जगदेवराव कंपू मोहल्ल्यातून रोज निरोप धाडायचे. शेवटी ते स्वतःच आले, आणि प्रूफ पाहायचं म्हणून गोरखीचे अध्यक्ष गोपाळकृष्णपंतही त्याच संध्याकाळी आले. वहिनींनी जे होतं ते पुढे ठेवलं. गोरखीच्या पूर्वजांची पानंच्या पानं, ठसठशीत अक्षरात, कडेला वेलबुट्टी. आणि आमचं अर्धं पान. त्यात जगदेवरावांच्या पणजोबांची शौर्यगाथा होती. पणजोबा पहाटे उठले, देवाला नमस्कार केला, घोड्यावर बसले, टाच मारली, आणि तिथेच मशीन बंद पडलं होतं.

जगदेवरावांनी पान उलटून पाहिलं. मागे कोरं. ते म्हणाले, ‘वनमालाबाई, आमचे पणजोबा निघाले ते गेले कुठं?’

वहिनींनी मशीनची सगळी कथा सांगितली. पण जगदेवरावांच्या गळी उतरेना. यांची पानं छापताना मशीनला काही होत नाही, आणि आमची आली की बरं बंद पडतं! वहिनींना पहिली बारीकसारीक कामं गोरखीच्या बायकांनीच दिली होती, तेही त्यांना नेमकं आठवलं. खाल्ल्या मिठाला जागतात म्हणाले. काम काढून दुसरीकडे देऊ म्हणाले. त्यावर गोपाळकृष्णपंत चिडले. आमच्यावर असला आळ घेणार असाल तर एकत्र येण्याची घाई नाही म्हणाले. घरात असं काही गरम झालं की कॉम्प्युटर परवडला.

वहिनी खाली मान घालून उभ्या होत्या. त्यांचं नाव व्हायचं होतं ते होत होतंच, पण भलत्याच प्रकारे.

गोपाळकृष्णपंत शेवटी दरबारी माणूस. जरा थंड होऊन त्यांनीच वाट काढली. बाईंनी मुद्दाम का करावं, मशीनमध्येच बिघाड असेल, दोन दिवस थांबू या. जगदेवरावही घुटमळले. झालं होतं हो, सगळं मिटत आलं होतं! पण बिघाड म्हटल्यावर माझ्या हातच्या सफाईचा प्रश्न आला. मी छाती काढून उभा राहिलो.

‘मशीनमध्ये बिघाड असणं शक्यच नाही. मी स्वतः आतून साफ केलंय.’

‘ऐकलंत?’ जगदेवराव म्हणाले. ‘घरचाच माणूस सांगतोय, मशीन ठीक आहे.’

मशीन ठीक, म्हणजे मग वहिनी ठीक नाहीत. मी काय बोलून बसलो ते मला तेव्हा कळलं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्या नुसत्या पाहत राहिल्या, जसं एखाद्यावर भार टाकावा आणि तो सरकून बाजूला व्हावा. सावरायचं म्हणून मी म्हटलं की थांबा, उघडूनच दाखवतो. आणि नुकतंच बंद पडलेलं मशीन उघडलं.

ठोकळ्याला हात लावला तर थंडगार. बघा, मी म्हटलं, कुठे आहे गरम? आकडा काढला, ठोकळा उचलला, खालचा प्रोसेसर कसा लखलखतोय ते दाखवायला त्याच्यावर बोट टेकवलं, आणि आई आठवली! तापला तवा बरा. बोटाच्या टोकाला फोड आला. वरचा ठोकळा थंड आणि खालचा प्रोसेसर भाजून काढतोय, म्हणजे खालची उष्णता वर पोचतच नव्हती. हे माझ्यासारख्या माणसालाही समजलं.

वहिनी जवळ आल्या, वाकून पाहिलं. म्हणाल्या, ‘भावजी, इथे पांढरं काही होतं. दुकानात बसवताना त्या माणसानं माझ्यासमोर लावलं होतं.’

‘कसलं पांढरं?’ मी म्हटलं.

हो, म्हटलं! आता लपवून काय करू. नव्हतंच काही, हे पुढचं वाक्यही जिभेवर तयार होतं. दोन्ही अध्यक्ष माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्यामागे वहिनींचं ते अर्धं पान टेबलावर पडलं होतं. आणखी एक वाक्य बोललो असतो तर माझी सफाई वाचली असती आणि वहिनींचं काम गेलं असतं. माझी मान आपोआप खाली गेली.

‘मीच घासून काढलं,’ मी म्हटलं. ‘किटण वाटलं मला. वहिनींची काही चूक नाही. सगळी माझी आहे.’

जगदेवरावांनी डोक्याला हात लावला. आमच्याच माणसानं आमच्या पणजोबांना अडवलं म्हणाले. गोपाळकृष्णपंत हसले नाहीत, फक्त त्यांना अचानक फार खोकला आला. मग जगदेवरावांनी वहिनींना हात जोडले आणि भलतंसलतं बोललो, मनात ठेवू नका म्हणाले. एवढ्या ताठ माणसाला माझ्यामुळे मान वाकवावी लागली, याचीही मलाच शरम वाटली. ते दोघं गेल्यावर मी वाट पाहत होतो की वहिनी आता चार शब्द सुनावतील. त्यांनी एवढंच विचारलं, ‘मशीनला दम लागतो म्हणालात, ते खरं होतं का?’

‘नाही,’ मी म्हटलं.

‘मी इतके दिवस हळू टाइप करत होते, भावजी.’

धरणी दुभंगावी असं लोक म्हणतात ना, ते मला त्या दिवशी पटलं. मी चपला घातल्या आणि दुकान गाठलं. दुकानदाराला सगळं सांगावं लागलं, कारण त्याशिवाय उष्णता वर नेणारी ती पांढरी पेस्ट तो कशी देणार? त्यानं एक चिमुकली ट्यूब दिली आणि आतल्या सगळ्यांना बोलावून माझी गोष्ट पुन्हा सांगायला लावली. ‘अंकल, जरा इनको भी बताइए.’ मी बताया. शिक्षा म्हणून बताया.

घरी आलो तर वहिनी स्क्रूड्रायव्हर घेऊन तयार. मी भरपूर पेस्ट थापणार होतो, पण त्यांनी ट्यूब माझ्या हातातून काढून घेतली. मुगाच्या दाण्याएवढी मधोमध लावली, ठोकळा सरळ टेकवला आणि आकडे दाबले. टक. टक. दोनदा! माझ्या वेळी एकदाच झालं होतं. म्हणजे पेस्ट तर मी पुसलीच होती, वर ठोकळाही तिरका बसवला होता. हेही कबूल करून टाकलं. त्या संध्याकाळी माझी लाज एवढी निघाली होती की थोडी जास्त निघाल्यानं फरक पडत नव्हता.

मशीन चालू झालं. मग वहिनींनी जो हात सोडला! पुढच्या खोलीतून नुसता तडतडाट ऐकू येत होता. पाहता पाहता जगदेवरावांचे पणजोबा रणांगणावर पोचले, लढले, घरीही परतले. मागच्या अर्ध्या पानांनाही तशीच वेलबुट्टी लागली. मी दारात चहा घेऊन उभा राहायचो, आत पाऊल न टाकता.

कोजागिरीला दोन्ही मंडळं एक झाली. गच्चीवर चांदण्यात आटवलेल्या दुधाचे पेले फिरत होते आणि जो तो स्मरणिकेत आपले पूर्वज शोधत होता. गोपाळकृष्णपंतांनी उठून नव्या मंडळाचा पहिला ठराव मांडला की यापुढे मंडळाची सगळी छपाई वनमालाबाईंकडेच राहील. टाळ्या पडल्या. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. माझाही जीव भांड्यात पडला, आणि खरं सांगतो, जरा छातीही फुगली.

तेवढ्यात जगदेवराव उठले. ठरावाला एक अट जोडावी म्हणाले, की सूर्याजीरावांनी त्या खोलीत पाय ठेवू नये. गोपाळकृष्णपंतांनी तत्काळ अनुमोदन दिलं. या दोघांचं उभ्या जन्मात कशावर एकमत झालं नव्हतं, ते माझ्यावर झालं! सगळ्या गच्चीवर हात वर झाले. एक तरी माणूस माझ्या बाजूचा असेल म्हणून मी आशेनं वहिनींकडे पाहिलं.

त्यांनी दोन्ही हात वर केले होते.

मग मीही एक केला. ठराव एकमतानं मंजूर.