दाराशी बांधलेली मॅडम

आमच्या हौसाआक्कांच्या खोल्यांवर कुणाच्या दाराशी शेळी बांधलेली दिसली, की समजायचं, आतलीचं काही खरं नाही.

बारामतीत एमआयडीसीजवळ आक्कांच्या खोल्या. भाडेकरू आम्ही कपडे शिवायच्या कारखान्यातल्या, बाहेरगावच्या पोरी. आक्का सुप्याकडच्या. माहेरी एके काळी मेंढरांचा कळप होता, आता उरलीय ही एक शेळी. तिचं नाव मॅडम.

"आजारी मेंढरू आधी कळपाच्या मागं ऱ्हातं, मग खायचं सोडतं," आक्का सांगतात. "तुमी पोरी काय येगळ्या न्हाय. फकस्त मेंढरं फोनवर रडत न्हाईत."

मी किनवटकडची, नववीत शाळा सुटलेली. दिवाळीला गावी जाऊन आले आणि काय बिनसलं कुणास ठाऊक. झोप येईना. मशीनवर बसलं की छाती धडधडायची, शिलाई वाकडी जायची. शेवटी कामावर जाणंच सोडलं. आईला फोनवर 'बरी आहे' म्हणायचं आणि भिंतीकडं तोंड करून पडायचं.

एका सकाळी दाराशी आवाज आला, "ब्यँऽऽ!"

"आक्का, मला काही झालेलं नाही!"

"मी कुटं म्हन्ते झालंय? मॅडमला तुजी खोली आवडली."

तोवर मॅडमनं माझी एक चप्पल चघळायला घेतली होती. उठावंच लागलं. पाला टाका, लेंड्या झाडा. येणारी-जाणारी विचारायची, "काय म्हणतेय मॅडम?" आणि मग हळूच, "अन् तू?"

एका संध्याकाळी पाला टाकता टाकता माझ्या तोंडून निघून गेलं, "आक्का, जगावंसंच वाटत नाही."

आक्का थट्टा विसरल्या. माझ्याजवळ उंबऱ्यावर बसल्या. "बरं झालं बोललीस," एवढंच म्हणाल्या. मला त्यांच्याच खोलीत झोपवलं आणि सकाळी रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं.

"कंबर दुखली तर सांगतीस न्हवं? मग मनानं काय पाप केलंय?"

रिक्षात मॅडमही होत्या. वॉचमन ओरडला, "शेळी आत न्यायची न्हाय!"

"मग तू धर हितं. पेशंटची नातेवाईक हाय ती."

डॉक्टरीणबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. गोळ्या दिल्या, परत परत बोलायला बोलावलं. मी अजून जाते. शिलाई आता बरीच सरळ येते.

परवा रविवारी मात्र आक्कांचं दार उघडेना. भाजीवाला येऊन गेला, तरी भांडायला बाहेर आल्या नाहीत. आदल्या दिवशी लेकीचा फोन आला होता, ह्याही सुट्टीत येणं होत नाही म्हणून. आक्कांनी ते आम्हाला हसत हसत सांगितलं होतं.

मी मॅडमला सोडलं आणि आक्कांच्या कडीला बांधलं.

"ब्यँऽऽ!"

"कोन हाय गं? मला काय धाड भरलीय? सोडा तिला!"

"आम्ही कुठं काय म्हणतोय, आक्का? मॅडमला तुमची खोली आवडली."

मग आतली कडी निघाली. डोळे सुजलेले, आवाज नेहमीचाच.

"पाला कुनी टाकायचा? उपाशीच बांधलीय व्हय पोरीला!"

पाला मी आणलाच होता. आक्का उंबऱ्यावर बसल्या. मीही जवळ बसले.




"काय म्हणतेय मॅडम?" मी विचारलं. आणि मग हळूच, "अन् तुम्ही?"