आबांखालचं इंजिन

कुटुंबाच्या वापरासाठी एक जुनी व्हॅन खरेदी करण्यात यावी, असा ठराव वारूळवाडीच्या सयाजीच्या घरात १९९९ सालच्या फेब्रुवारीत एकमताने मंजूर झाला. एकमत व्हायला अडचण आली नाही, कारण मत देण्याचा अधिकार एकट्या सयाजीलाच होता. त्याची बायको साळुबाई त्या वेळी गोठ्यात होती आणि मुलगी वृषाली माळ्यावर बसून बारावीचा अभ्यास करत होती.

ठरावाचं कारण मात्र सबळ होतं. वृषालीचं परीक्षा केंद्र मंचरला आलं होतं. मंचर काही परमुलखात नाही, हमरस्त्यानं अर्ध्या तासात माणूस पोचतो. पण नाशिककडून येणारी एसटी आमच्या फाट्यावर येईतो गच्च भरलेली असते. हात दाखवला की ड्रायव्हर अंगठ्यानं मागे खूण करतो, म्हणजे मागून रिकामी गाडी येते आहे. मागच्या गाडीचा ड्रायव्हरही तीच खूण करतो. वृषाली त्या घरातून बारावीपर्यंत पोचलेली पहिलीच मुलगी, तिला फार्मसीला जायचं होतं, आणि तिचं वर्ष एसटीच्या अंगठ्यावर सोडायला सयाजी तयार नव्हता. पोरीवर त्याचा जीव होता. पुढे जे झालं ते वाचताना ही गोष्ट विसरू नये.

आता, आमच्या भागात जुनी गाडी कुणी एकट्यानं घेत नाही. एकट्यानं घेतलेली बिघडली तर घेणारा मूर्ख ठरतो. चौघांनी मिळून घेतलेली बिघडली तर त्याला नशीब म्हणतात. सबब, समिती नेमण्यात आली. अध्यक्षपदी सयाजीचे चुलते चिमाजीआबा. आबांनी जन्मात मोटार चालवली नव्हती, पण बेल्ह्याच्या बाजारात बैल पारखावा तर त्यांनीच, आणि चार पायांवरचं ज्याला कळतं त्याला चार चाकांवरचं कळायला काय लागतं, असा गावाचा समज होता. सदस्य म्हणून साळुबाईचा गावातच राहणारा भाऊ सुदर्शन, जो एका सरकारी कचेरीत कारकून होता, आणि शेजारचा कपिल, जो दुसऱ्या एका कचेरीची जीप चालवायचा. कपिलला इंजिनातलं खरोखरच कळत होतं. पण ते त्यानं कचेरीत कधी कळू दिलं नव्हतं, कारण तसं कळलं की दुरुस्तीही आपल्याच गळ्यात पडते.

साळुबाईनं गोठ्यातून येऊन सुचवलं की, बरोबर एखादा मिस्तरी न्यावा. ही सूचना सुदर्शननं तिथल्या तिथे निकाली काढली. गाडी होती मंचरच्या अमृतशेठची. अमृतशेठ कांदा-बटाट्याचे अडते, आणि सयाजीचा कांदा वर्षानुवर्षं त्यांच्याच गाळ्यावर उतरायचा. अशा माणसाच्या दारात मिस्तरी घेऊन जाणं म्हणजे त्याला तोंडावर लबाड म्हणणं, असं त्यानं बहिणीला समजावलं. साळुबाई म्हणाली की, तपासायला जायचं आणि तपासायचंही नाही, हे तिला काही उमगलं नाही. ते तिला उमगावं अशी कुणाची अपेक्षाही नव्हती.

समिती सकाळी मंचरला पोचली तेव्हा व्हॅन बंगल्यापुढच्या मांडवात उभी होती. पांढरीशुभ्र, खिडक्यांना झालरीचे पडदे, काचेवर झेंडूचा हार.

"कालपासनं जागची हालली न्हाई," अमृतशेठ म्हणाले. "इंजिन थंडगार हाय. पावणं, तुमी तुमचं बघून घ्या."

पण बघण्याआधी सत्कार झाला. प्रत्येकाला टॉवेल, टोपी, नारळ. आबा वडीलधारे, म्हणून गाडीत पहिलं पाऊल त्यांचं पडावं असा अमृतशेठनी आग्रह धरला आणि त्यांना हाताला धरून पुढच्या गादीवर बसवलं. इथे एक तांत्रिक बाब सांगणं आवश्यक आहे. या जातीच्या व्हॅनला पुढे नाक नसतं. तिचं इंजिन पुढच्या गादीखाली असतं आणि गादी उचलल्याशिवाय ते दिसत नाही. आणि गादीवर आबा होते. नव्या टोपीतल्या, मांडीवर नारळ घेतलेल्या वडीलधाऱ्या माणसाला उठा म्हणणं हे आमच्याकडे कोणत्याही रीतीत बसत नाही. त्यामुळे आबा स्थानापन्न असतानाच इंजिनाची पाहणी उरकायची, असं न बोलताच ठरलं.

आबा बसले आणि किंचित वर उचलले गेले. गादी चांगली ऊन लागत होती. फेब्रुवारीची सकाळ, मांडवात गार सावली, गाडी कालपासून जागची हललेली नाही, आणि खालून मात्र बाळंतिणीच्या शेगडीसारखा शेक येत होता. आबांनी टोपी नीट केली आणि समोर बघत बसून राहिले.

सुदर्शननं टायरला लाथ मारून पाहिली. मग गादीच्या कडेवर हात ठेवला, तो चटकन काढला आणि प्रथमदर्शनी समाधानकारक आहे, असं म्हणाला. सयाजीनं दारं उघडून-लावून पाहिली, हॉर्न वाजवला, टेप लावून ऐकला. शेवटी कपिल चालवायच्या जागेवर बसला. चावी लावल्या लावल्या त्याला दिसलं की, इंजिन किती तापलंय ते दाखवणारा काटा आधीच निम्म्यावर चढलेला आहे. थंड इंजिनाचा काटा तळाशी असतो, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. त्यानं सत्काराची टोपी डोक्यावरून काढली आणि काट्यापुढे ठेवली. चावी फिरवताच गाडी सुरू झाली. अमृतशेठनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या.

त्यानंतर जेवण. मासवडी होती. ज्यांनी आमच्याकडची मासवडी खाल्ली नाही त्यांना पुढचं कळायला थोडं जड जाईल. तीळखोबऱ्याचं सारण भरलेल्या त्या वड्या, वर कट आलेला रस्सा आणि चुलीवरची बाजरीची भाकरी एकदा पोटात गेली की, वाढणाऱ्याच्या वस्तूला नाव ठेवायला जीभ वळत नाही. खाल्ल्या मिठाला जागणं हा आमच्याकडे एकच कायदा असा आहे, जो सगळे पाळतात. अमृतशेठना तो तोंडपाठ होता.

हात धुताना सयाजीनं कपिलला बाजूला घेतलं. काही झालं तरी त्याच्या पोरीचा प्रश्न होता.

"कपिलभाऊ, इंजिन कसं वाटलं?"

"भाऊ, माणूस लई दिलदार हाय," कपिल म्हणाला.

"मी इंजिनाचं इचारतोय."

"त्येच सांगतोय," कपिल म्हणाला आणि नव्या टॉवेलनं बराच वेळ हात पुसत राहिला.

मग प्रत्येकानं दोन शब्द बोलावेत असं ठरलं. सुदर्शननं सदर वाहन कौटुंबिक प्रयोजनार्थ सर्वतोपरी योग्य असल्याचं जाहीर केलं. आबा म्हणाले की, अशी गाडी त्यांनी उभ्या हयातीत पाहिली नाही, बसल्या जागी ऊब मिळते. हे अक्षरशः खरं होतं, म्हणून त्यांना ते बोलताना अवघडही गेलं नाही. व्यवहार पुरा झाला.

तापलेली गाडी तशीच ओझरला नेऊन विघ्नहरापुढे पुजून घेतली आणि संध्याकाळी वारूळवाडीला आणली. तिथे नवा नियम झाला. इंजिन चालवावं तेवढं झिजतं, म्हणून ते सगळं पेपरांसाठी राखून ठेवायचं. गाडीवर कांद्याची ताडपत्री टाकण्यात आली. साळुबाई रोज सकाळी म्हणायची की, एकदा चालू तर करून बघा. सयाजी म्हणायचा, पहिली फेरी पोरीच्या पेपरालाच व्हायला हवी, उगाच नाट नको. सुदर्शनची हर्षाली वृषालीच्याच वर्गात होती. तिलाही गाडीतूनच पाठव, जागा भरपूर आहे, असं सयाजीनं मेव्हण्याला सांगितलं. सुदर्शननं उगाच कशाला गर्दी म्हणून नकार दिला. सयाजीला हा त्याचा मोठेपणा वाटला.

इंग्रजीच्या पेपराच्या दिवशी सुदर्शननं हर्षालीला तांबडं फुटायच्या आत काळ्यापिवळ्या जीपमध्ये बसवून दिलं. तिनं वृषालीला हाक मारली होती. वृषाली दप्तर घेऊन निघालीही होती. पण दारात गाडी असताना आपल्या पोरीनं टपावर माणसं बसलेल्या जीपमध्ये कोंबून घ्यायचं, हे आबांना पसंत पडलं नाही, आणि ती परत आत गेली.

कपिल सुट्टी टाकून गाडी चालवायला आला. वृषालीच्या हातावर दही ठेवलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. आबा मानाच्या गादीवर बसले. आज गादी गार होती. कपिलनं चावी फिरवली. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. पुन्हा फिरवली, पुन्हा खोकलं. अशी बरीच खटपट झाल्यावर ते खोकेनासंही झालं. सुदर्शन अभिप्राय द्यायला हजर होताच. त्यानं सकाळच्या थंडीचं कारण दिलं. कुणी दृष्ट लागल्याचं दिलं. ज्या वस्तूत बिघाड होता तिच्याकडे मात्र कुणी वाकून पाहिलं नाही, कारण तिच्यावर आबा बसले होते.

वृषाली म्हणाली, मी उतरते, फाट्यावर जाऊन गाडी बघते. पण दही खाऊन गाडीत बसलेल्या पोरीनं पेपरला जाताना खाली उतरणं अशुभ असतं. म्हणून ती गाडीत, आबा गाडीत, आणि अख्खी आळी मागून ढकलतेय, अशी ही मिरवणूक फाट्यापर्यंत आली. हमरस्त्यावरून एसटी गेली. सयाजीनं ढकलता ढकलता हात दाखवला. ड्रायव्हरनं अंगठ्यानं मागे खूण केली. मागे आम्हीच होतो.

तेवढ्यात साळुबाई धावत आली. तिच्या हातांना शेण तसंच होतं. ती थेट पुढच्या दारापाशी गेली.

"आबा, उठा."

आळी थांबली. आबांना हे वाक्य आजवर कुणी म्हटलं नव्हतं, त्यामुळे त्यावर काय करायचं असतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. ते उठले. कपिलनं गादी उचलली. खाली तेलानं चिकट झालेलं, काळंकुट्ट इंजिन होतं, आणि त्याची एक नळी कांद्याच्या गोणीच्या सुतळीनं बांधलेली होती.

"मला तिथंच वाटलं व्हतं," कपिल म्हणाला. "काटा निम्म्यावर व्हता."

सुदर्शन म्हणाला की, प्रथमदर्शनी त्यालाही शंका आली होती. साळुबाईनं आबांकडे पाहिलं.

"गादी गरम लागली तवाच मी वळखलं," आबा म्हणाले. "गार इंजिन सुरू व्हत न्हाई, म्हून गिऱ्हाइकं यायच्या आधी गाडी फिरवून तापवली व्हती त्यानं."

"मग बोलला का न्हाई?"

"सूनबाई, मासवडी खाल्ली व्हती."

हे चालू असताना वृषाली कधी उतरली ते कुणाला कळलं नाही. ती टोमॅटोच्या टेम्पोला हात दाखवून क्रेटवर बसून गेली. केंद्रावर पोचली तेव्हा पेपर सुरू होऊन पाऊण तास झाला होता आणि अर्ध्या तासानंतर आत सोडायचं नाही, असा नियम होता. नियम सांगणाऱ्या शिपायानं तिला पाणी दिलं. दुपारी ती घरी आली, पॅड खुंटीला अडकवलं आणि दुसऱ्या दिवशीच्या विषयाचं पुस्तक उघडून बसली. ते पुस्तक उलटं होतं, हे साळुबाईला लिहितावाचता येत नसूनही दिसलं. ती पोरीशेजारी बसली आणि मोठ्यानं रडली.

समिती दुसऱ्याच दिवशी मंचरला जाब विचारायला गेली. सयाजी वाटेत दातओठ खात होता. अमृतशेठनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पोरीबद्दल डोळ्यांतून पाणी काढलं आणि उन्हातून आलाय, आधी दोन घास खाऊन घ्या म्हणाले. समिती संध्याकाळी परतली. साळुबाईनं ओट्यावरूनच विचारलं, काय म्हणाले? आबा म्हणाले, माणूस तसा मनाचा चांगला आहे.

मग आठवडाभर गावातली माणसं सांत्वनाला येत राहिली. ऑक्टोबरला बसेल, त्यात काय, असं प्रत्येकजण म्हणायचा. त्यानंतर आवाज खाली आणून प्रत्येकजण हेही सांगायचा की, त्या गाडीचं आपल्याला आधीपासूनच ठाऊक होतं, मंचरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. वृषाली सगळ्यांना चहा देत होती. एका पाहुण्यासमोर ती कप हातात तसाच धरून उभी राहिली.

"काका, तुमाला ठावं व्हतं, तर आमाला सांगितलं का न्हाई?"

पाहुणा म्हणाला, चांगल्या कामात आपण कशाला वाईट व्हायचं. मग त्यानं हात पुढे करून चहा घेतला.

आता वाचकहो, तुमचं बघू. गादी गरम आहे, हे आबांच्या खालोखाल तुम्हालाच कळलं होतं. काटा निम्म्यावर होता, हे कपिलच्या बरोबरीनं तुम्ही पाहिलं. त्या पोरीचं पुढे काय होणार याचाही तुम्हाला अंदाज आला होता. तरी तुम्ही शब्द न काढता शेवटपर्यंत वाचत आलात, आणि मधूनमधून हसलातही. आबांनी निदान मासवडी तरी खाल्ली होती.