बुलेटचं पथ्य

माणसाला पथ्य सांगणं सोपं असतं, कारण तो ते पाळणार नाही हे डॉक्टरला आधीपासून ठाऊक असतं. खरी पंचाईत कुत्र्याची होते. त्याला पथ्य सांगितलं की ते घरच्या माणसांना पाळावं लागतं.

चामटोलीच्या हरिचंद्रशेठांकडे बुलेट नावाचा लॅब्रॅडॉर आहे. मागच्या गटारीला त्याने घरच्या मंडळींच्या खांद्याला खांदा लावून भाग घेतला आणि त्याच्या स्वादुपिंडाला सूज आली. बदलापूरच्या डॉक्टर कीर्तींनी सलाईनवर ठेवून त्याला वाचवलं आणि शेठांची मुलगी रिद्धी हिच्या हातात कमी चरबीच्या औषधी खाण्याची पिशवी ठेवली.

"याच्याशिवाय काहीही द्यायचं नाही. पुन्हा सूज आली तर मी वाचवू शकेन असं नाही."

ही सूचना घरात अत्यंत गांभीर्याने घेण्यात आली व तिचा अर्थ लावण्यात आला. शेठांच्या मते 'काहीही' म्हणजे बाहेरचं, उकिरड्यावरचं. घरचं मटण हे काही 'काहीही' नव्हे. शेजाऱ्यांच्या मते सुकट भाजीत मोडते. (स्वादुपिंड नेमकं कुठे असतं यावर मतभेद होते, ते कुत्र्याला नसतं यावर मात्र एकमत झालं.)

रिद्धी शिकलेली, त्यामुळे हट्टी. ती सांगितलं तेवढंच खाणं द्यायची आणि बुलेट ताटली चाटूनपुसून झोपायचा. त्याची काहीच तक्रार नव्हती. घरच्यांना नेमकं हेच सहन होईना.

अशात रिद्धीच्या भावाची, अल्पेशची हळद आली. मांडव पडला, डीजे आला, बोकड कापले गेले. हळदीच्या जेवणाला आमच्याकडे पोट भरलं म्हणून नाही म्हणता येत नाही, आजारी आहे म्हणून तर नाहीच नाही. रिद्धीने शहाणपणाने बुलेटला वरच्या खोलीत बंद केलं.

शेठांची थोरली बहीण गोदूबाई कुळगावहून आली होती. तिने इकडेतिकडे पाहिलं.

"बुलेट कुठं हाय गो?"

"वर आहे, आते. जेवलाय तो."

"का जेवला, मटान?"

"त्याचं ते औषधाचं खाणं."

"हालदीच्या दिवशी? आपले घरान बोकड कापलाय न मुका जीव दाणे चघलतो?" गोदूबाईने हळदीची वाटी खाली ठेवली. "तो जेवल्याशिवाय मी पोराला हालद लावाची नाय."

पहिली हळद आत्याच्या हातची. मांडव थांबला. डीजेसुद्धा थांबला, यावरून प्रसंगाची कल्पना यावी.

रिद्धी वर जाऊन बुलेटजवळ बसली. मागोमाग शेठ जिना चढून आले. "बय, एक तुकडा दे ना त्याला. आते रुसलेय."

"बाबा, मरेल तो."

"एका तुकड्यानं कोण मरतो? तुझा आजा रोज खायचा."

"आजोबा कशाने गेले?"

शेठांनी मांडवातल्या पंख्यांचा विषय काढला.

शेवटी रिद्धीने मधला मार्ग शोधला. बुलेटच्या गळ्यात पुठ्ठ्याची पाटी अडकवली: 'मी आजारी आहे. मला काही खायला देऊ नका.' मग त्याला खाली आणून खांबाला बांधलं. कुत्रा मांडवात तरी आला, एवढ्यावर गोदूबाईने समाधान मानलं आणि हळद लावली.

पाटीचा परिणाम झाला. तोवर ज्यांना कुत्रा आजारी असल्याचं माहीतच नव्हतं, त्यांनाही ते कळलं. लोक वाचत, हळहळत, आणि हळहळलेला माणूस हात आखडता घेत नाही. रिद्धी भावाला हळद लावायला पाटापर्यंत गेली, तेवढा वेळ त्यांना पुरला.

सकाळी बुलेट पाठ कमानीसारखी करून ओकत होता. वऱ्हाड निघालं आणि रिद्धी रिक्षा करून उलट दिशेने बदलापूरला गेली. भावाच्या डोक्यावर अक्षता पडल्या त्या तिने दवाखान्याच्या फरशीवर बसून मोबाईलमध्ये पाहिल्या. मांडीवर बुलेटचं डोकं होतं आणि त्याच्या केसांना तिच्या हाताची हळद लागत होती.

लग्नाच्या मांडवात रीतसर चौकशी झाली. प्रत्येकाने फक्त एकच तुकडा दिला होता, त्यामुळे दोषी कोणीच निघालं नाही. डॉक्टरीणबाईंच्या खाण्यातच काहीतरी असणार, असं सर्वानुमते ठरलं.

दुसऱ्या दिवशी गोदूबाई दवाखान्यात आली. सलाईनची नळी बघून तिला रडू फुटलं. "मी तं निस्ता एक दिला गो. चरबीचा. मऊ लागंल म्हणून."

रिद्धीने ठरवून ठेवलेलं सगळं बाजूला ठेवलं आणि तिला बसायला स्टूल सरकवलं. म्हातारी दिवसभर त्या कुत्र्याच्या पोटावरून हात फिरवत बसली. खोटं त्यात काहीच नव्हतं, हीच सगळ्यात मोठी अडचण.

बुलेट वाचला. तो घरी आला तशी सगळी चामटोली त्याला बघायला लोटली आहे, आणि आजाऱ्याला बघायला रिकाम्या हाताने यायची आपल्यात पद्धत नाही. रिद्धी रजा काढून फाटकात खुर्ची टाकून बसली आहे.

तुम्हीही अवश्य या. तुम्ही तर सुशिक्षित. मटणाचा किस्सा वाचून तुम्हाला हसूही आलं असेल. पण इथवर येता येता एकदा तरी तुमच्या मनात आलंच ना, की बिचाऱ्याला नुसती दूधपोळी द्यायला काय हरकत होती?

फाटकाशी आलात की आधी दोन्ही हात दाखवा.