नेमून दिलेला वैरी

कोणत्याही राज्याचं नागरिक होणं फारसं अवघड नसतं. अवघड असतं ते नागरिक म्हणून राहणं, कारण राहायचं म्हटलं की आजूबाजूला माणसं आली. देवाचं राज्य याला अपवाद असेल अशी पुष्कळांची समजूत असते, परंतु अनुभव तसा नाही.

या गोष्टीतल्या चर्चच्या मंडळीला ही अडचण कळली ती पाळकसाहेबांच्या एका उपदेशामुळे. ते म्हणाले, आपण मेल्यावर देवाच्या राज्यात जाणार आहोत असं नव्हे. आपण आजच त्याचे नागरिक आहोत. तेव्हा घरी, दुकानात, जिन्यात तसंच वागायला हवं, आणि तेही उद्यापासून. मंडळी हादरली. (रविवारी ऐकलेलं सोमवारी करायचं, ही कल्पनाच तिथे नवीन होती.) तरी माणसं हाडाची भाविक. उपासना संपून चहा येईपर्यंत त्यांनी एक समिती नेमून टाकली.

समितीने नागरिकांची कर्तव्यं एकेक करून हाती घेतली. नम्रतेचा विषय चटकन निकालात निघाला, कारण आपण सर्वांत नम्र आहोत असं प्रत्येक सभासदाने टेबलावर मूठ आपटून सांगितलं. उद्याची चिंता करू नये, हा विषय पुढच्या बैठकीवर ढकलण्यात आला. दुसरा गाल पुढे करण्याबाबत मंडळीतल्या दंतवैद्यांचं मत मागवलं गेलं. गाडं अडलं ते वैऱ्यावर प्रीती करण्यापाशी.

अडलं, कारण मंडळीत कुणाला वैरीच नव्हता. समितीने घरोघर जाऊन चौकशी केली. तिचे निष्कर्ष असे:

वैरी असलेले: कुणी नाही.

वैरी नाही, पण ज्याचं तोंड बघायची इच्छा नाही असा माणूस असलेले: शंभरात ब्याऐंशी.

वैरी नाही, पण अमुक माणसाचं वाटोळं होत असेल तर आपण मध्ये पडणार नाही, असं म्हणणारे: शंभरात चौसष्ट.

(एका आजीबाईंनी 'सून' असं उत्तर दिलं होतं. पण सून चहा घेऊन बाहेर आल्यावर, आपण ते लाडाने म्हटलं, असा खुलासा त्यांनी केला.)

म्हणजे प्रीती उतू चाललेली आणि करायला वैरी नाही. दात आहेत तर चणे नाहीत अशी गत. मंडळीचे सेक्रेटरी मात्र डगमगले नाहीत. त्यांनी जन्मभर एका मोठ्या कचेरीत बदल्यांचं काम पाहिलं होतं, आणि कुठलाही माणूस कुठेही नेमता येतो यावर त्यांची श्रद्धा होती.

"नाहीत ना वैरी? मग नेमून देऊ," ते म्हणाले. "त्यात काय एवढं!"

अशा रीतीने वैरी वाटप उपसमिती अस्तित्वात आली. तिचे नियम आजही चर्चच्या व्हरांड्यात लावलेले आहेत. प्रत्येक नागरिकास एक वैरी मिळेल. वैऱ्याने आठवड्यातून एकदा किमान वैर करावं (शेजाऱ्याच्या दारात कचरा सरकवणं, बघून न बघितल्यासारखं करणं, इत्यादी). अंगाला इजा, कोर्टकचेरी आणि आईवडिलांवरून बोलणं यांस मनाई आहे. नागरिकाने त्या वैऱ्यावर प्रीती करावी. नेमून दिलेल्या वैऱ्याखेरीज इतर कुणावर केलेली प्रीती अनधिकृत समजली जाईल. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, ज्या दोन माणसांत आधीपासून खरोखरच बिनसलेलं आहे, त्यांना एकमेकांचे वैरी म्हणून नेमता येणार नाही.

या शेवटच्या नियमामागचा विचार सेक्रेटरींनी समजावून सांगितला. जिथे मुळातच भांडण आहे तिथे प्रीती करायला गेलं, तर भांडण होण्याचा संभव असतो. हे सगळ्यांना तत्काळ पटलं. इतकी एकवाक्यता त्या चर्चमध्ये यापूर्वी फक्त पंखे बसवताना झाली होती.

या योजनेत ज्यांनी नाव काढलं ते थोरले, दोघा भावांतले मोठे. थोरल्यांचं पाइपांचं दुकान. वडिलांच्या वेळी त्या दुकानात पाइप, ते जोडायचे एल्बो आणि टी, नळ असं सगळंच मिळायचं. वडील गेल्यावर पाटी नवीन करायची ठरली, आणि थोरल्यांनी आपलं नाव घालून पुढे 'आणि बंधू' असं रंगवून घेतलं. धाकट्याचं म्हणणं असं, की आईबापांनी मला नाव ठेवलंय, मग पाटीवरच मी नुसता बंधू का? थोरल्यांचं म्हणणं, बंधू नाहीस तर कोण आहेस? प्रश्न दोन्ही बिनतोड होते. म्हणून दुकानाच्या मध्यभागी प्लायवूडचं पार्टिशन पडलं. पाइप थोरल्यांकडे, एल्बो आणि नळ धाकट्याकडे. गिऱ्हाईक इकडून पाइप घ्यायचं, खांद्यावर टाकायचं, पायरी उतरायचं, पायरी चढायचं आणि तिकडून एल्बो घ्यायचं. वडिलांचा पंखा मात्र बरोबर पार्टिशनच्या डोक्यावर होता, आणि त्याचं बटण थोरल्यांच्या बाजूला. थोरले जेवायला घरी गेले की धाकटा घामाघूम व्हायचा.

असं असूनही चौकशीच्या वेळी थोरल्यांनी "वैरी नाही" असं स्वच्छ सांगितलं. वहिनी, म्हणजे थोरल्यांची बायको, दारात उभ्या राहून ऐकत होत्या. समिती जिना उतरल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, पाठचा भाऊ पलीकडे बसलेला असतो, त्याच्याशी चार वर्षं तुम्ही बोलत नाही. आणि म्हणे वैरी नाही!"

"तो कसला वैरी?" थोरले म्हणाले. "आमचं बोलणं नाही, एवढंच."

"मग बोला."

"आधी त्याने बोलावं. लहान कोण आहे?"

वहिनींनी हातातलं फडकं झटकलं. ते जरा जास्तच झटकलं गेलं.

थोरल्यांना वैरी मिळाले ते भूगोल मास्तर. निवृत्त माणूस, मुंगीलाही वाट देणारा. वैर करायचं म्हणजे त्यांच्या अंगावर काटा यायचा. आदल्या संध्याकाळी ते दुकानात येऊन विचारत, "उद्या सकाळी माझी सायकल तुमच्या दारात आडवी लावली तर चालेल ना? म्हणजे, तुमची गैरसोय होणार नसेल तर."

"लावा हो मास्तर. गैरसोयच व्हायला हवी."

"मग दहाच्या सुमाराला लावतो. त्या वेळी तुमचा टेम्पो येतो ना?"

टेम्पो अडायचा, थोरले हसतमुखाने बाहेर यायचे, सायकल स्वतः उचलून बाजूला ठेवायचे आणि मास्तरांना चहा पाजायचे. पुढे चहाबरोबर बिस्किटं आली, बिस्किटांनंतर स्वेटर आला, आणि मग वहिनींच्या हातचं सूप रोज डब्यातून जाऊ लागलं. थोरल्यांना यात खरोखर आनंद होऊ लागला होता, हे नमूद केलं पाहिजे. रात्री अंथरुणावर पडल्यावर आपण केवढे चांगले आहोत या विचाराने त्यांचे डोळे भरून येत.

इतरत्रही योजना जोमात होती. ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंचे वैरी प्रीतीमुळे इतके जाड झाले, की त्यांना गायकवृंदाचा झगा होईना. पाळकसाहेबांनी नम्रपणे सर्वांत कठीण वैरी मागितला, आणि समितीने त्यांना अंथरुणाला खिळलेल्या, ऐकू न येणाऱ्या एक आजीबाई दिल्या. दंतवैद्यांनी लेखी तक्रार केली की आपला वैरी कामचुकार आहे, वैर करत नाही, त्यामुळे आपल्या प्रीतीला वाव मिळत नाही. सबब बदलून मिळावा. चांगल्या वैऱ्याला मागणी आली. खऱ्याखुऱ्या तिरसट माणसांना मात्र कुणी विचारत नव्हतं, कारण ते नियमात बसत नव्हते.

वर्षाअखेरीस 'आदर्श नागरिक' अशी ढाल देण्याचं ठरलं. ढाल थोरल्यांकडेच जाणार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

त्याच सुमारास दोन गोष्टी घडल्या. भूगोल मास्तरांनी किमान वैर म्हणून थोरल्यांच्या पायरीवर बादलीभर साबणाचं पाणी ओतलं, आणि ते पुसायला जाताना स्वतःच घसरून घोट्याचं हाड मोडून घेतलं. (समितीने याची नोंद 'उत्तेजनार्थ' अशी केली.) दुसरी गोष्ट म्हणजे पार्टिशनपलीकडचं शटर उघडेनासं झालं. गिऱ्हाइकं खांद्यावर पाइप घेऊन उभी राहायची.

"धाकटे कुठे आहेत हो?"

"मला काय विचारता?" थोरले म्हणायचे. पण पंखा ते दुपारीही चालूच ठेवू लागले होते, कारण काय कोण जाणे.

शटर का उघडत नाही ते वहिनींनी सांगितलं. "पित्ताशयाचं ऑपरेशन झालंय त्याचं. जखम चिघळली. डॉक्टर म्हणतात, दोन दिवस बघू. शुद्धीवर आला की दादा आला का विचारतो. मी रोज खोटं बोलतेय, म्हणते दादा वाटेवर आहे."

थोरल्यांना लहानपणीचा धाकटा आठवला, विहिरीला घाबरणारा, त्यांच्या शर्टाचं टोक धरून चालणारा. ते उठले, चप्पल घातली आणि सरळ सेक्रेटरींकडे गेले. जाताना आपण दवाखान्यात का जात नाही, हे त्यांना स्वतःलाही विचारावंसं वाटलं नाही.

सेक्रेटरींनी शांतपणे ऐकून घेतलं. "अडचण अशी आहे," ते म्हणाले, "की तो वैरी असेल तर तुमचं आधीपासून बिनसलेलं ठरतं, म्हणजे नियमात बसत नाही. शिवाय तुम्ही चौकशीत वैरी नाही म्हणालात, ते खोटं ठरतं. आणि तो वैरी नसेल, तर त्याच्यावरची प्रीती अनधिकृत. ढाल पुढच्या रविवारी आहे. आठ दिवस थांबलात तर काय बिघडतं?"

हे थोरल्यांना इतकं पटलं, की ते तसेच घरी परतले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते सुपाचा डबा घेऊन दवाखान्यात गेले. मास्तरांसाठी. बरोबर सेक्रेटरी होते, प्रीतीची अखेरची पाहणी करायला. वॉर्डात शिरताच थोरले थबकले. मास्तरांचा पाय लोखंडी गजाला टांगलेला होता, आणि शेजारच्याच खाटेवर धाकटा होता. गाल बसलेले, हाताला सुई. दोन खाटांच्या मध्ये हिरवा पडदा होता, पण तो अर्धाच ओढलेला.

थोरल्यांनी पडद्याकडे पाठ केली. वाटीत सूप ओतलं, फुंकर घातली आणि चमचा मास्तरांच्या तोंडापाशी नेला. सेक्रेटरी पायथ्याशी उभे राहून मान डोलवत होते.

"अहो, आधी त्यांना द्या," मास्तर हळूच म्हणाले. "सकाळपासून पोटात काही नाही त्यांच्या. मला तसंही... खरं सांगू का, मला सूप आवडत नाही. तुम्ही एवढ्या प्रीतीने आणता म्हणून पितो."

"वैऱ्याने परस्पर सूचना करू नयेत," सेक्रेटरी म्हणाले.

पडद्यापलीकडून खाट करकरली. मग आवाज आला, अगदी बारीक, पण वॉर्डातल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढा.

"दादा."

चार वर्षांनी आला होता तो शब्द. आधी धाकट्यानेच बोलावं अशी थोरल्यांची अट होती. ती आता पुरी झाली होती. थोरल्यांनी न बघताच चमचा पुढे केला, सूप मास्तरांच्या हनुवटीवर सांडलं.

"दादा, मलापण तुझा वैरी करून घे की रे."

वॉर्डातली नर्स चालता चालता थांबली. मास्तरांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. सेक्रेटरींनी घड्याळ बघितलं. थोरल्यांनी वाटी खाली ठेवली आणि पडद्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं, आणि ते जे बोलले ते अगदी मनापासून बोलले.

"वेड्या, तू कसला माझा वैरी?" ते म्हणाले. "तू तर माझा भाऊ आहेस."

मग त्यांनी वाटीतलं उरलेलं सूप मास्तरांना पाजलं, डब्याला झाकण लावलं आणि सेक्रेटरींबरोबर जिना उतरून ते घरी गेले.

ढाल त्यांनाच मिळाली. समारंभ देखणा झाला. वहिनी आल्या नव्हत्या. त्या दवाखान्यात होत्या. धाकटा वाचला, हेही सांगून टाकतो, नाहीतर वाचकांना उगाच रुखरुख. दुकानातलं पार्टिशन मात्र थोरल्यांनी नवं करून घेतलं, कारण ढाल टांगायला जुन्या फळीत खिळा धरत नव्हता.

या यशामुळे योजना आता चर्चबाहेरच्या लोकांनाही, म्हणजे वाचकांनाही, खुली करायचं ठरलं आहे. पात्रतेची अट एकच: अर्जदाराला कुणीही वैरी नसावा. तुम्ही त्यात बसता याबद्दल उपसमितीला शंका नाही. थोरल्यांची हकीकत वाचताना तुम्ही दोनदा चुकचुकलात, म्हणजे मन तर तुमचं मोठंच आहे. नाही म्हणायला, चुकचुकताना एक चेहरा तुमच्या डोळ्यांपुढून गेला आणि तुम्ही पटकन पुढच्या ओळीवर आलात. पण त्याचं काही मनावर घेऊ नका. तो माणूस वैरी थोडाच आहे? तो तर घरचाच.