अण्णांसाठी बारा इंची सबवूफर

सत्तरी ओलांडल्यावर आमच्या अण्णांचा आवाज इतका खाली उतरला, की तो ऐकण्यासाठी गाडीच्या डिकीत सबवूफर बसवावा लागला.

अण्णा म्हणजे माझे वडील. कराड तालुक्यातल्या जमिनी मोजण्यात त्यांची तेहतीस वर्षं सरकारी नोकरी झाली. तेव्हा त्यांचा आवाज उसाच्या फडापलीकडे साखळी धरून उभ्या असलेल्या माणसाला सहज ऐकू जायचा. तो उतरला हळूहळू. आधी पंख्याच्या आवाजाखाली गेला, मग फ्रिजच्या, आणि एप्रिलपासून तर अण्णांचे नुसते ओठ हलायचे. ते बोलू लागले की मांडणीतली ताटं किणकिणायची आणि खालच्या मजल्यावरच्या सोहनी वहिनी वर येऊन विचारायच्या, "घरगुती गिरणी घेतलीत का?"

माझं औषधांचं दुकान आहे. दिवसभर मी काउंटरवर वाकून लोकांची कुजबुज ऐकतो, एकेकाची मूळव्याध न कंटाळता समजून घेतो. घरी आलो की माझे कान बंद. अण्णांचे ओठ हलायचे थांबले की मी "हो अण्णा" म्हणायचो, आणि ते मान डोलावून आपल्या खोलीत जायचे. पाच महिने हे सुरळीत चाललं. मला त्यात काही गैर वाटलं नाही. उलट घर शांत झालं म्हणून मी मनातून खूश होतो. हे लिहिताना लाज वाटते, पण तसं होतं खरं.

माझी बायको सुलभा हिला ते खपेना. अण्णा बोलायला लागले की ती टेबलावर तळहात टेकवून अंदाज घ्यायची. "चहा म्हणाले की जेवण, एवढं हाताला कळतं, पुढचं नाही," ती म्हणाली. "तुम्ही डॉक्टरांकडे नेणार नसाल तर मी नेते."

डॉ. मुतालिक बाईंनी अण्णांचा घसा पाहिला. मग पाण्याने भरलेला ग्लास त्यांच्यासमोर धरला, त्यांना स्वतःचं नाव-गाव सांगायला लावलं आणि पाण्यावर उठलेली वर्तुळं मोजली.

"एकतीस हर्ट्झ," त्या म्हणाल्या. "उतारवयात काहींचा आवाज वर जातो, काहींचा खाली. खाली गेला ते बरं. वर गेला की फक्त कुत्र्यांना ऐकू येतो, मग कुत्रं पाळावं लागतं, आणि ते तरी तुम्हाला सांगणार कसं? कधीपासून ऐकू येत नाही?"

"एप्रिलपासून असेल. नक्की लक्षात नाही आलं," मी म्हणालो.

"मग पाच महिने तुम्ही त्यांच्याशी काय बोलत होता?"

"हो म्हणत होतो."

बाईंनी ते केसपेपरवर लिहून घेतलं. मी भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे बघत बसलो.

चिठ्ठीवर बारा इंची सबवूफर एक, मोनो अ‍ॅम्प्लिफायर एक, सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर, असं होतं. "घरात बसवू नका, स्लॅबला सोसत नाही," बाई म्हणाल्या. "गाडीच्या डिकीत चालेल. पण स्वच्छ काम करणाराच गाठा. वायरिंग गलथान असलं की पेशंटच्या बोलण्यात घरघर येते, आणि घरचे म्हणतात, वय झालं."

असं काम करणारा गावात एकच, मलकापूर फाट्याजवळचा दस्तगीर मुल्ला. त्याने चिठ्ठी वाचली, डिकी उघडली आणि बराच वेळ आत नुसता बघत राहिला.

"पॉवरची वायर डाव्या अंगानं न्यायची आणि आवाजाची उजव्या अंगानं," तो म्हणाला. "दोघींची गाठ पडली की घूं सुरू झालंच म्हणून समजा. मग आजोबा बोलत्यात का इंजिन, कळायचं न्हाई."

"अर्थिंग कुठे देणार?" सुलभाने विचारलं. तिने आदल्या दिवशी सगळं वाचून काढलं होतं.

"ह्या पत्र्याला. पण आधी रंग खरवडायला पायजे, वैनी. रंगावरच बोल्ट आवळला तर वरनं जोडल्यागत दिसतंय, आत काय लागलेलं नसतंय."

दस्तगीर दोन दिवस राबला. स्क्रू पेट्रोलच्या टाकीत जाऊ नये म्हणून गाडीखाली झोपून बघून आला. बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज बसवला, वायरी गालिच्याखाली घातल्या, प्लायवूडच्या पेटीला डिकीच्याच रंगाचं कापड चिकटवलं. एकही वायर दिसत नव्हती. "वायर दिसली की मला माणूस उघडा दिसल्यागत लाज वाटती," तो म्हणाला.

दुपारी बाराला चाचणी झाली. अण्णा मागच्या सीटवर बसले. दस्तगीरने त्यांच्या सदऱ्याला माइक लावला. मी ड्रायव्हरच्या जागी, सुलभा शेजारी. डिकी हुंकारली, नंबरप्लेट थरथरली आणि पाच महिन्यांनी आमच्या घरातल्या कर्त्या माणसाचा आवाज आला.

"शशी, येतंय का ऐकू?"

"हो अण्णा," मी म्हणालो.

"मग आता उजळणी करून घेऊ." त्यांनी खिशातून डायरी काढली. जमीन मोजताना शेजारच्या खातेदाराला समक्ष विचारायचं, त्याचं उत्तर तारखेनिशी लिहायचं, ही त्यांची सवय. निवृत्तीनंतर मोजायला जमीन नव्हती, म्हणून ते आम्हाला विचारत.

"बारा एप्रिल," अण्णा वाचू लागले. "गच्चीतल्या कुंड्या काढून टाकू का? शशिकांत यास समक्ष विचारले. होकार."

सुलभाने माझ्याकडे पाहिलं. तिची सोनटक्क्याची कुंडी दिसेना, तेव्हा वाऱ्याने पडली असेल, असं मी तिला सांगितलं होतं.

"तीन मे. सुलभाच्या आमटीत मीठ जास्त असते असे माझे मत. तुझेही तेच का? होकार. एकोणीस जून. तुझ्या आईचा फोटो बैठकीतून माझ्या खोलीत नेऊ का, म्हणजे तिच्याशी बोलता येईल. होकार."

शेजारच्या पंक्चरवाल्याच्या घमेल्यातलं पाणी हलत होतं. तो आणि त्याची दोन गिऱ्हाइकं हातातलं काम सोडून ऐकत उभी होती. सबवूफर उत्तम बसला होता.

"सात ऑगस्ट," अण्णा म्हणाले. "मी इथे राहतो ते तुम्हाला जड होते का? होकार."

त्यांनी पान उलटलं.

"वीस ऑगस्ट. त्याच विषयावर पुन्हा विचारले, कारण पहिल्या वेळी शशिकांत पेपर वाचत होता. या वेळी पेपर नव्हता. होकार." त्यांनी डायरी मिटली. "त्यानुसार मी वाईच्या वृद्धाश्रमात अर्ज केला. एक तारखेपासून जागा आहे. शशी, तुझा स्वभाव भिडस्त. तरी दोन्ही वेळा तू तोंडावर सांगितलंस. मला बरं वाटलं."

मी मागे वळलो. "अण्णा, मला ऐकूच आलं नव्हतं हो."

"मग हो का म्हणालास?"

दस्तगीर खाली वाकून वायरीचे बारीक तुकडे वेचू लागला. तिथे दोनच तुकडे होते, पण त्याने बराच वेळ वेचले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अण्णांच्या लेखी मात्र प्रकरण निकाली निघालं होतं. ऐकू आलं नव्हतं ही तक्रार मुदतीनंतर आलेली, म्हणून ती त्यांनी दाखल करून घेतली नाही. एक तारखेला सकाळी सातला ते टोपी घालून, पत्र्याची ट्रंक घेऊन खाली आले. ट्रंकेवर आईचा फोटो टॉवेलात गुंडाळून बांधला होता. सुलभा रात्रभर रडली असावी, तिचे डोळे सुजले होते. ती माझ्याशी तीन दिवस बोलत नव्हती, आणि ते योग्यच होतं.

मी डिकी उघडली. ट्रंक आत जाईना. आडवी घातली, उभी घातली, तिरकी घातली. अण्णांनी मला बाजूला केलं आणि खिशातून टेप काढली.

ट्रंक भरली तीस बाय अठरा. सबवूफरच्या पेटीपुढे उरलेली जागा अकरा इंच. त्यांनी पुन्हा मोजलं, या वेळी दुसऱ्या टोकाकडून. तरी अकराच. मागच्या सीटवर ठेवू या, असं मी म्हणणार होतो. माझी जीभ तसं म्हणायला उचललीही गेली होती, याचीही मला लाज वाटते. सुदैवाने सुलभा मागच्या सीटवर जाऊन आडवी झाली. "माझी पाठ धरली आहे," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

मी दस्तगीरला फोन लावला. "काढायला अर्धा तास," तो म्हणाला. "पण साहेब, काढला तर आजोबा बोलणार कशातनं?"

अण्णा पुढच्या सीटवर बसले. त्यांनी माइक सदऱ्याला लावला, डायरी मांडीवर उघडली, पेनाचं टोपण काढलं. मी गाडीची किल्ली फिरवली.

"शशी," डिकी म्हणाली, "समक्ष विचारतो. हा सबवूफर काढायचा का?"

राहा म्हणायला हवं होतं. चुकलो म्हणायला हवं होतं, पाया पडायला हवं होतं. माझ्या घशातून एकच शब्द निघाला.

"नाही."

त्यांनी वेळ आणि तारीख घातली. मग नियमाप्रमाणे पुन्हा विचारलं. "काढायचा का?"

"नाही अण्णा."

"विचारले. नकार. पुन्हा विचारले. नकार. सबब ट्रंक घरीच," ते लिहिताना मोठ्याने म्हणाले. गाडीच्या काचा थरथरल्या, वर सोहनी वहिनींची खिडकी उघडली आणि बंद झाली. मागच्या सीटवरून हुंदका आला. अण्णांनी डायरी माझ्यापुढे धरली. जमिनीची मोजणी पटली की खातेदार करतो तशी मी तिथे सही केली. नाव लिहिताना माझा हात इतका हलला, की अक्षर ओळखू येईना.

अण्णांनी चष्मा वर करून ती सही नीट पाहिली आणि समोर शेरा लिहिला. सही करणाऱ्याचा हात सबवूफरमुळे हलला, सही ग्राह्य धरावी.