उलटी बाजू बघणारे मास्तर

मल्लेशम मास्तर भेटले की आधी तुमच्या शर्टाचं टोक उलटं करून बघतात आणि मग तुमच्याकडे बघतात. हे कुठेही घडतं. बँकेच्या रांगेत घडलं आहे, दवाखान्यात घडलं आहे. एका लग्नात तर अक्षता पडण्याआधी त्यांनी नवरदेवाच्या शेरवानीचा काठ उलटला होता. ही आशीर्वादाची काही पद्धत असावी असं वाटून नवरदेव वाकला. मास्तर सरळ उभे राहिले आणि वधूपित्याला म्हणाले, "छापील हाय."

वधूपित्याचा चेहरा असा झाला, जणू मुलाचं आधीचं लग्न उघडकीला आलं.

मास्तर सोलापूरच्या एका चादर कारखान्यात डिझाईन मास्तर होते. चौकटींच्या कागदावर नक्षी काढायची, एक चौकट म्हणजे एक धागा, आणि त्या कागदावरून माग चालायचा. मोराची चोच एका चौकटीनं चुकली तर हजार चादरींवर हजार वाकड्या चोची. त्यांच्या हातून तसं कधी झालं नाही, असं ते सांगतात. कारखान्यातले जुने कामगारही तेच सांगतात. कारखाना बंद झाला, मास्तर घरी बसले, सवय मात्र नोकरीवरच राहिली.

"चादरीला दोन तोंडं असतात," ते समजावतात. "इकडं पांढऱ्यावर लाल मोर, तिकडं लालवर पांढरा मोर. दोन्हीकडून खरी. छापील कापड उलटं करा की, काय हाय? काय न्हाय. नुसतं तोंड रंगवलेलं."

स्वतः ते पांढराशुभ्र, बिननक्षीचा शर्ट घालतात. कारण विचारलं तर म्हणतात, "मिठाईवाला मिठाई खातो का?"

आम्ही शहराच्या पूर्व भागात एकाच गल्लीत, भिंतीला भिंत लावून राहतो. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घरात जे झालं, त्याचा धक्का सर्वांत आधी आम्हाला बसला. मास्तरांच्या पत्नी अनसूयाअक्का यांनी फेसबुकवर कपडे विकायला सुरुवात केली. कपडे छापील होते.

अक्कांनी तीस वर्षं विड्या वळल्या होत्या. मग खोकला लागला. तंबाखूची धूळ पुन्हा छातीत जाता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं. रिकामं बसणं त्यांना जमेना. भाचीनं फोन उभा करायची दांडी आणि गोल दिवा आणून दिला, लाईव्ह कसं करायचं ते शिकवलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दुपारी चार वाजता, पुढच्या खोलीत अक्का कुर्ते हातात धरून फोनसमोर उभ्या राहू लागल्या. कुर्त्यांवर अननस होते, घुबडं होती, एका पायावर उभे असलेले गुलाबी बगळे होते. ज्या बाईला जो हवा, तिनं त्याचा नंबर खाली लिहायचा, मग पत्ता कळवायचा, पार्सल घरी.

मास्तरांनी पहिल्या दिवशी एक बगळा उलटा करून पाहिला. मागं पांढरं. "अरे देवुडा," ते घरच्या तेलुगूत म्हणाले आणि दोन दिवस मागच्या दारानं ये-जा करत राहिले. मागचं दार गटारीवर उघडतं.

अक्कांनी मुदत मला सांगितली होती. "दसऱ्यापर्यंत बघते, भाऊ. चाललं तर चाललं. न्हाय तर परत विड्या." मी डॉक्टरांची आठवण करून दिली. "डॉक्टर येणार का माझ्याजवळ दिवसभर बसायला?" त्या म्हणाल्या.

शेजारधर्म म्हणून मी सुरुवातीचे काही लाईव्ह पाहिले. किती जण बघत आहेत तो आकडा कोपऱ्यात दिसतो. तो बहुतेक वेळा एक असे. तो एक मीच होतो. अक्का घुबडांचा कुर्ता उंच धरून विचारत, "कोण कोण हाय लाईव्हवर? बोला की ताईंनो. हाय का कोण?" घुबडंच तेवढी डोळे वटारून बघत असत. मला पुढे बघवेना. मी बघणं सोडलं.

दिवाळीला अजून तीन महिने असताना मास्तरांनी माझ्याकडे माझ्या बहिणीचा पत्ता मागितला. माझी बहीण सुनंदा वैरागला असते. "ताईंना एक चादर पाठवायची हाय," ते म्हणाले. मी पत्ता दिला. पंधरा दिवसांनी सुनंदाचा फोन आला.

"अरे, तुला बरं नाही का?"

"का?"

"मला बगळे कशाला पाठवतोस?"

"कसले बगळे?"

"तीन कुर्ते आलेत. बगळे, अननस आणि एक बिबट्याच्या ठिपक्यांचा. माझं वय काय, तू पाठवतोस काय! पाठवणाऱ्याचं नाव तुझ्या शेजारणीचं आहे. पैसे दिलेत म्हणे."

मी काही पाठवलं नव्हतं. सुनंदा फेसबुकवर नाही. तिचा फोन फक्त वाजतो. त्या आठवड्यात आणखी दोन पार्सलं गेली. पुढच्या आठवड्यात चार. सुनंदा बिचारी गल्लीत वाटू लागली. तिच्या भजनी मंडळाचा फोटो तिनं शेजारच्या सुनेकडून मला पाठवला. आठ बायका टाळ घेऊन बसल्या होत्या आणि आठहीजणी घुबडांत होत्या. तो फोटो मी बराच वेळ पाहिला.

मग बुधवारी चार वाजता मी पुन्हा लाईव्ह उघडलं. कोपऱ्यात आकडा दोन. मी सोडून दुसरं कोण, हा प्रश्न होता. अक्कांनी केळीच्या पानांचा हिरवा कुर्ता वर धरला. खाली लगेच अक्षरं उमटली. नाव होतं "सुनंदा वैराग".

"ताई, उलटी बाजू दाखवा."

मी फोन हातातून खाली ठेवला. आख्ख्या सोलापूर जिल्ह्यात हा प्रश्न विचारणारा माणूस एकच आहे आणि तो त्या क्षणी माझ्या भिंतीपलीकडे, अक्कांच्या मागच्या खोलीत बसलेला होता.

अक्कांनी कुर्ता उलटा केला. मागं अर्थातच पांढरं. खाली पुन्हा अक्षरं: "छान आहे. बुक."

छान आहे! ज्या माणसानं या एका कारणावरून नवरदेव नापास केला होता, त्यानं हे लिहिलं होतं.

संध्याकाळी मी त्यांना ओट्यावर गाठलं.

"मास्तर, वैरागच्या सुनंदाताई कशा आहेत?"

त्यांनी माझ्या शर्टाचं टोक उलटून पाहिलं. वेळ काढण्यासाठी, हे उघड होतं. मग म्हणाले, "ओळखलं व्हय?"

"चादर कुठाय?"

"चादर न्हायच. नवं सिम घेतलं. भाचीच्या पोराकडनं खातं उघडून घेतलं." त्यांनी माझा शर्ट सोडला. "तुमी लाईव्ह बघता. मी भिंतीआडनं ऐकतो. ती इचारती, 'हाय का कोण? हाय का कोण?' एका दिवशी चौदा वेळा इचारलं. मोजलं मी. कोणबी न्हवतं. माणसानं किती वेळा ऐकायचं हो?"

"मग सरळ सांगा ना त्यांना, की मी आहे म्हणून."

मास्तरांना खरोखरच धक्का बसला. "काय सांगू? छापील घेतलं म्हणून?"

"पण कळेलच की. उलटी बाजू दुसरं कोण विचारतं?"

"तिला काय कळतंय!" ते म्हणाले. "आणि न बघता माल कसा घ्यायचा? सवय हाय ती. हात लिहितोच."

मास्तर सवयीला जागले. म्हणजे थांबले नाहीत. घुबडं, सायकली, छत्र्या, एकदा तर नुसत्या मिरच्या, सगळं वैरागला जात राहिलं. भजनी मंडळाला पुढे कपाट अपुरं पडू लागलं आणि मग एक गोष्ट घडली जी मास्तरांनी ठरवलेली नव्हती. मंडळातल्या बायकांना ते कुर्ते आवडले. त्यांनी पार्सलावरचा नंबर घेतला. मंडळातल्या एकीची सून टेंभुर्णीला, तिनं तिच्या जावांना सांगितलं. दसऱ्याच्या आठवड्यात कोपऱ्यातला आकडा एकेचाळीस झाला. अक्कांनी विड्यांचं सूप आणि कात्री पुतणीला देऊन टाकली.

मी मास्तरांना म्हणालो, "आता सुनंदाबाईंना निवृत्त करा. गरज नाही."

"चालू धंद्यात जुनं गिऱ्हाईक तोडत नसतात," ते म्हणाले.

मागच्या शुक्रवारी साडेतीनच्या सुमारास मी त्यांच्याकडे गेलो होतो. मास्तर दूध आणायला गेले होते. अक्का जमिनीवर बसून पार्सलाला चिकटपट्टी लावत होत्या. वरचा पत्ता मला उलटाही वाचता आला. सुनंदा, वैराग.

"भाऊ," चिकटपट्टी दातानं तोडत त्या म्हणाल्या, "तुमच्या ताईंचं कपाट भरलं आसंल की आता."

मी पार्सलाची कड धरून दिली.

"ताईंना बोलावं म्हणून नंबर लावला होता एकदा. पयल्याच आठवड्यात. मागच्या खोलीत वाजला." त्या हसल्या नाहीत. पार्सल बाजूला ठेवून त्यांनी दुसरं ओढलं. "मी लगेच बंद केला. आतनं यांचा खोकला आला. वर्षानुवर्षं तोच खोकला हाय."

"मग तुम्ही बोलला का नाहीत, अक्का? दीड वर्ष झालं!"

"बोलले तर थांबतील." त्यांनी टेप खाली ठेवली. "अडतीस वर्षं झाली लग्नाला, भाऊ. कारखान्यातनं यायचे, जेवायचे, कागद घेऊन बसायचे. मी काय सांगाय लागले की 'हं' म्हणायचे. कारखाना सुटला तरी 'हं'च. आता आठवड्यातनं तीन दिवस, तासभर, मी बोललेलं सगळं ऐकतात. मधी प्रश्न इचारतात. 'ताई' म्हणून इचारतात, पर इचारतात की."

एवढ्यात मास्तर दुधाची पिशवी घेऊन आले. पुढच्या दारानं आले. मला बघून थबकले, मग पार्सलांच्या ढिगाकडे तिरस्कारानं बघून म्हणाले, "झालं का सुरू छापखान्याचं काम?"

"एमंडी, ऐकलंत का, चहा ठेवलाय आत," अक्का म्हणाल्या. "आत बसा निवांत. हितं गडबड हाय माझी."

मास्तर आत गेले. अक्कांनी गोल दिवा लावला, केस नीट केले, एक जांभळा कुर्ता हातात घेतला. चार वाजून दोन मिनिटं झाली होती. फोनवर एकोणतीस बायका थांबलेल्या दिसत होत्या आणि खाली "ताई, सुरू करा ना" असं लिहीत होत्या. अक्का सुरू करत नव्हत्या. मान किंचित मागच्या खोलीकडे वळवून त्या उभ्या होत्या.

आतून बाज करकरली. मग कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

कोपऱ्यातला आकडा तीस झाला, आणि अक्का फोनकडे बघून म्हणाल्या, "नमस्कार, ताईंनो."