दोन टपल्या

आप्पांच्या हातात एकदा हात दिला की तो परत मिळवायची एकच पद्धत होती. त्यांच्या दंडावर दोन टपल्या मारायच्या. "सोडा हो", "पुरे झालं", "गॅसवर दूध आहे", यातलं काही त्यांना ऐकू जायचं नाही. टपल्या पडल्या की मात्र हात झटकन मोकळा. इंदिरानगरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये दूधवाला, पोस्टमन, वायरमन, सगळ्यांना हे ठाऊक होतं. नवीन माणूस अडकलेला दिसला की जिन्यातून कोणीतरी ओरडायचं, "अहो, टपली मारा, टपली."

याचा आम्हाला एकदा चांगलाच फटका बसला. आमचं लोखंडी कपाट आप्पांनी एकट्याने पाठीवर घेऊन जिना चढायला सुरुवात केली होती. आमचे हे बाजूने चालले होते. कौतुकाच्या भरात ह्यांनी आप्पांच्या दंडावर दोनदा थोपटलं. आप्पांनी कपाट सोडलं. ते दणदणत, आरसा फोडत, थेट तळमजल्यावर जाऊन उभं राहिलं.

"टपली पडली की सोडायचं," आप्पा शांतपणे म्हणाले. "त्यात इचार नाय करायचा."

आप्पा मूळचे सिन्नरकडचे, गावच्या तालमीत वाढलेले. नव्वद सालानंतर ते आखातात एका गोदामावर राखणीला गेले. तिथे एका जिममध्ये देशोदेशीची माणसं पिंजऱ्यात शिरून लढायची. ठोसे, लाथा, कुस्ती, सगळं चालायचं. आप्पांनी ठोसा कधीच मारला नाही. "मारायची लाज वाटते, वैनी," ते मला सांगायचे. मी दाराआडून ऐकायचे. "मुरगाळायची नाय वाटत." समोरच्याचा हात, पाय, मान, जे सापडेल ते धरायचं आणि पिळत राहायचं. त्याने टपली मारली की तो हरला. याला तिकडे सबमिशन म्हणतात. चाळिशीला टेकलेले आप्पा त्यात इतके तयार झाले, की चांगले दांडगे गडी त्यांच्यासमोर हात मागे लपवून उभे राहायचे म्हणे.

एका मोठ्या विजयाची कॅसेट त्यांनी गावी पाठवली. चावडीत व्हिडिओ लावून सगळं गाव बघायला बसलं. सुरुवातीलाच आप्पा पाठीवर पडलेले आणि एक धिप्पाड माणूस त्यांच्या छातीवर. गावाला कुस्ती माहीत. पाठ टेकली की संपलं. आप्पांच्या वडिलांनी उठून टीव्ही बंद केला. पुढे आप्पांनी खालूनच त्या माणसाची मान धरली आणि जिंकले, ते कोणी बघितलंच नाही. आप्पा सुट्टीवर आले तेव्हा गाव त्यांच्या समाचाराला आलं. "व्हतं असं कधी कधी," म्हणून एका म्हाताऱ्याने डोळे पुसले.

शेवटच्या लढतीत एका ब्राझीलच्या पोराने त्यांचं डावं कोपर धरलं. सगळे ओरडत होते, टपली मार. आप्पांनी मारली नाही. त्यांनी उभ्या आयुष्यात कधीच मारली नव्हती. कोपर कट्कन वाजलं. तेव्हापासून तो हात किटलीच्या दांड्यासारखा वाकडाच राहिला आणि आप्पा कायमचे घरी आले. त्या हाताला ते भाजीची पिशवी अडकवायचे. म्हणायचे, "फुकटचं हँगर."

घरात त्यांची मुलगी मंदा. आई ती दहावीत असतानाच गेलेली. मंदाचं लग्न जमवायचं आणि आप्पांनी ते मोडायचं, हे काही वर्षं चाललं. मुलगा बघायला आला की पोहे करायला मंदा मला बोलवायची, म्हणून स्वयंपाकघराच्या दारातून मी सगळं पाहिलंय. आप्पा आधी मुलाशी हात मिळवायचे. मग तोच हात अलगद कोपरातून वळवायचे आणि प्रेमाने म्हणायचे, "दुखलं तर टपली मार हं."

मुलगी बघायला आलेला मुलगा टपली कशाला मारेल? सगळे हसत राहायचे. गंगापूर रोडचा एक व्यायामवाला तर घामाने निथळला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी म्हणतोय, "छान वाटतंय, काका." शेवटी त्याची आई ओरडली, "सोडा हो माझ्या पोराला."

"त्याला म्हणू द्या," आप्पा म्हणाले.

तो म्हणाला नाही. पाहुणे गेल्यावर आप्पांनी मान हलवली. "नको हा."

आम्हाला वाटायचं, आप्पांना याहून दणकट जावई हवा. मंदाची पंचविशी उलटली. एकदा ती वैतागून म्हणाली, "आप्पा, पुढच्या वेळी निदान पोहे तरी खाऊ द्या त्यांना. वैनींचे फुकट जातात."

मग येवल्याहून प्रकाश आला. हातमागावर पैठणी विणणारा, शेवग्याच्या शेंगेसारखा मुलगा. मंदाला तो बघताक्षणी आवडला असणार, कारण ती पोह्यांत दोनदा मीठ घालायला निघाली होती. "वैनी, हा गेला तर मी आता कोणाला बघायचीच नाही," ती माझ्या कानात म्हणाली.

बाहेर आप्पांनी त्याचा हात धरला. लगेच दोन टपल्या.

"आरं, मी अजून पिळलाच नाय," आप्पा म्हणाले.

"पिळल्यावर सांगून काय उपयोग?" प्रकाश म्हणाला. "उद्या मागावर बसायचंय मला."

मंदाने माझा पदर घट्ट धरला. आप्पा त्याच्याकडे बघत राहिले, मग आत वळून म्हणाले, "मंदे, पोहे आण. बशी भरून आण."

पाहुणे गेल्यावर मंदाने विचारलं, "हा कसा चालला तुम्हाला? याने तर लगेच हार मानली."

आप्पांनी वाकडा हात पुढे केला. "मी नाय मानली, त्याचं हे झालं. तुझ्या आईच्या छातीत दुखायचं, तिनंबी कुणाला सांगितलं नाय. दोघंबी तसलीच. तुला दुखलं तर सांगणारा मानूस पायजे, पोरी. म्हंजे तूबी सांगशील."

लग्न झालं. निघायच्या वेळी जीप उभी होती आणि मंदा आप्पांना बिलगली होती. आप्पा मात्र एकदम मजेत. ड्रायव्हरला रस्ता सांगत होते, प्रकाशला "हिला सकाळी चहा लागतो, दोन कप लागतो" असं बजावत होते, पाहुण्यांना हसवत होते. सगळे म्हणाले, पैलवान माणूस, काळीज घट्ट आहे.

मी ओटीचं ताट घेऊन मंदाच्या मागे उभी होते, म्हणून मला दिसलं. हसता हसता आप्पांचा वाकडा हात तिच्या पाठीवर आला. थोडा थांबला. मग त्याने दोन टपल्या मारल्या.

मंदाने लगेच हात सोडले. त्या घरात तो नियमच होता.